लेझर प्रिंटरची पावडर संपली म्हणजे कार्ट्रिज मेलं का भो?

"ओरिजिनलच टाका, रिफिलने प्रिंटर खराब होतो" असं म्हणणाऱ्यांनी एकदा जळगाव, धुळे नाहीतर चाळीसगावात कुठल्याही सेतू केंद्रात जाऊन बघावं. सातबारा, केळीच्या विम्याचे फॉर्म, उत्पन्नाचे दाखले, दिवसभर प्रिंटा सुरू, आणि चालतात कशावर, तर त्याच जुन्या १२ए नाहीतर ८८ए कार्ट्रिजवर, जे कितव्यांदा भरलंय ते दुकानवाल्यालाही आठवत नाही.

हे १२ए एचपीचं, २००३ च्या लेझरजेट १०१० प्रिंटरसोबत आलेलं. कंपनीच्या हिशोबाने दोन हजार पानांचं, तेही पानाचा ५ टक्के भागच काळा होईल असं धरून. पावडर म्हणजे टोनर संपतो, पण आतला ड्रम (ज्यावरून अक्षर कागदावर उतरतं तो रोल), मॅग्नेटिक रोलर, ब्लेड, गिअर, स्प्रिंगा आणि ती जाड प्लॅस्टिकची बॉडी सगळं जागेवर असतं, आणि हे सगळं फेकायचं? गॅस संपला म्हणून टाकी उकिरड्यावर टाकतं का कोणी?

आमचा रिफिलवाला म्हणतो, "भाऊ, फेकू नको, मी भरी देस." साईडच्या पिना ठोकून काढतो, कार्ट्रिजचे दोन भाग करतो, जमलेली वेस्ट पावडर काढतो, ब्लेड पुसतो आणि मग जुनं प्रिंट मागतो. पानावर दर साडेसात सेंटीमीटरवर तोच ठिपका असेल तर ड्रम गेला, कारण ड्रमचा घेरच तेवढा. उभी बारीक रेघ दिसली तर ड्रमला ओरखडा नाहीतर ब्लेड खराब. तेवढाच पार्ट बदलायचा, बॉडी तीच. हां, हलकी पावडर टाकली तर प्रिंट फिक्की येते, बोट फिरवलं की अक्षर निघतं, ते खरं आहे, पण तो दोष पावडरचा.

पण रिफिलवाल्यांनाही बोलायलाच पाहिजे. ती वेस्ट पावडर जाते कुठे? नालीत! दुकानाबाहेर बसून ब्लोअर मारतात, मास्क नाही, नाकपुड्या काळ्या, आणि मे महिन्यातला आपला वारा तर माहितीच आहे. टोनर म्हणजे नुसती काजळी नाही ना, बरंचसं प्लॅस्टिकच असतं, काही मायक्रॉनचा भुगा. पिशवीत बांधून ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, एवढं केलं तरी खूप झालं.

भंगारात जाईल म्हणाल तर तेही अवघड. आपल्या जळगाव एमआयडीसीत जुन्या प्लॅस्टिकच्या चटया होतात, पण कार्ट्रिजमध्ये वेगळंच प्लॅस्टिक, लोखंड, रबर, पावडर असं सगळं कालवलेलं, ते सुटं करत कोण बसणार? भंगारवाल्याला कार्ट्रिजपेक्षा ओरिजिनलचं रिकामं खोकं जास्त आवडतं, का ते समजून घ्या (डुप्लिकेट मालाला तेच लागतं, खोकं फाडूनच टाकत जा).

खरा राग मला चिपचा आहे. १२ए ला चिप नव्हती म्हणून ते एवढी वर्षं टिकलं. नंतरच्या बऱ्याच मॉडेलात चिप पानं मोजते, आणि काही प्रिंटर तर अपडेट झाल्यावर दुसऱ्याची चिप असलेलं कार्ट्रिज घेतच नाहीत. आपण पैसे मोजून घेतलेली वस्तू, त्यात काय भरायचं ते कंपनी ठरवणार? अमेरिकेत लेक्समार्क कंपनी रिफिल करून विकणाऱ्यांविरुद्ध पेटंट घेऊन कोर्टात गेली होती, २०१७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एकदा विकलं की पेटंटचा हक्क संपला. इटलीत २०२० मध्ये, दुसऱ्याचं कार्ट्रिज चालणार नाही हे गिऱ्हाइकाला नीट सांगितलं नाही म्हणून एचपीला १ कोटी युरोचा दंड झाला. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमात प्रिंटर कार्ट्रिजसकट धरलेत, म्हणजे जुन्या कार्ट्रिजची जबाबदारी कंपनीवर आहे, पण झेरॉक्सवाल्याच्या दुकानात कंपनी कधी फिरकलेली मी तरी पाहिली नाही.

म्हणून नवीन प्रिंटर घेताना किंमत नंतर विचारा, आधी विचारा हे कार्ट्रिज भरतं का, चिपचं काय. घरी महिन्याला चार प्रिंटा काढणाऱ्याने इंकजेटच्या नादी लागूच नये, शाई वाळते आणि बऱ्याच स्वस्त मॉडेलात हेड (शाई फवारणारा भाग) कार्ट्रिजलाच असतं, ते गेलं की अख्खं कार्ट्रिजच गेलं. रोजचं काम असेल तर टँकवाला बरा, बाटलीने शाई भरायची. फक्त त्यातही वाया गेलेली शाई शोषणारं वेस्ट इंकचं पॅड असतं, ते भरलं की प्रिंटर ठप्प होतो, आणि पुष्कळ जण तेव्हा नवीन प्रिंटर घेऊन मोकळे होतात. पॅड बदलून मिळतं, मेकॅनिकला विचारा.