पेटणारं मशीन कुणाच्या एरियात येतं?

"मॅडम, बेळगाव आमच्या एरियात येत नाही."

आज परत तेच! फ्रिज असो, यूपीएस असो, वॉशिंग मशीन असो, आपल्या नशिबात हे वाक्य ठरलेलं. पण आज विषय गॅरंटीचा नव्हता ओ, आगीचा होता. ऑफिसातलं गरम-थंड पाण्याचं डिस्पेन्सर कंपनीने स्वतः परत मागवलंय. गरम टाकीजवळची वायरिंग तापून पेट घेऊ शकते, वापर ताबडतोब थांबवा, प्लग काढा, असं त्यांनीच लिहून पाठवलंय. आणि घेऊन जा म्हटलं की एरिया विचारतात!

मशीन घेतलं कोल्हापूरच्या डीलरकडून. तो म्हणतो, कर्नाटकचं सगळं हुबळीवाले बघतात, तिकडे लावा फोन. हुबळीवाल्याने बिलाचा फोटो मागितला. पाठवला. जीएसटी नंबर 27 ने सुरू होतोय बघितल्यावर म्हणाला, हे महाराष्ट्राचं बिल, आम्हाला कर्नाटकचं 29 चं लागतं, आमच्या सिस्टिममध्ये हे उघडतच नाही. मग टोल फ्री. तिथे आधी गाणं ऐका, मग पिनकोड सांगा. बेळगावचा 590 म्हटलं की ती मुलगी कोल्हापूरला जोडून देते आणि कोल्हापूर परत हुबळीला. त्यात कुणीतरी एकजण शांतपणे म्हणाला, "मूळ खोक्यात पॅक करून तयार ठेवा, खोकं नसेल तर पिकअप होणार नाही." कुठल्या ऑफिसात असलं खोकं जपून ठेवतात? सिरीयल नंबर मागचा पाहिजे, तर तो स्टिकर इथल्या पावसाळी ओलीने कधीच पुसट झालाय. तोही माझाच दोष. परदेशात बऱ्याच रिकॉलमध्ये वायर कापा, फोटो पाठवा, पैसे घ्या, एवढं सोपं ठेवतात. धोक्याची वस्तू लोकांच्या हातातून लवकर सुटावी हाच त्यात हेतू. इथे ती आमच्याच गळ्यात राहावी अशी सगळी व्यवस्था.

कंपनीचं एक झालं. आमच्या ऑफिसचं काय सांगू? रिकॉलची मेल परचेसवाल्यांना आली, त्यांनी ती चार जणांना पुढे ढकलली आणि काम झालं म्हणून मोकळे! सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप काढणाऱ्या, वीस लिटरचा जार उचलून वर बसवणाऱ्या, मागचं लाल बटण दाबून गरम पाणी चालू करणाऱ्या मावशींना कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. त्यांच्याकडे ईमेल नाही, आणि ती इंग्रजी नोटीस कुणी वाचून दाखवली नाही. त्या मशीनच्या सगळ्यात जवळ रोज त्याच उभ्या असतात. मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी रोज हात लावते ते पेटणारं आहे होय?" म्हणाल्या. काय उत्तर देणार?

साहेबांकडे गेले, तर म्हणे बदली मशीन येईपर्यंत चालू दे की, स्टाफच्या चहाचं काय करायचं? एका संध्याकाळी मशीनवर कागद चिकटवला, "फक्त थंड पाणी घ्यावे". प्लग तसाच! नोटिशीत प्लग काढा म्हणून स्पष्ट लिहिलंय ओ. गरमचं बटण बंद केलं तरी प्लग असेपर्यंत आत करंट येतोच, आणि थंड बाजूचा कॉम्प्रेसर पण त्याच करंटवर चालतो. शनिवारी संध्याकाळी शटर ओढून जातो तेव्हा ते सोमवारपर्यंत चालूच. जार संपून गरम टाकी कोरडी पडली तर हीटर नुसता तापत राहणार. थर्मोस्टॅटने आणि कटआउटने त्याचा करंट आपोआप तोडायचा असतो. त्यातलं काही बिघडलं तर बघायला रविवारी कोण आहे तिथे? शेजारी प्रिंटर, दोन्ही एकाच सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शनवर, आणि मागे जुन्या फायलींचे पुठ्ठे छतापर्यंत. उद्यमबागेतल्या व्होल्टेजचे खेळ तर आपल्याला माहीतच. पावसात लाइट जाते ती जाते, येताना दणका देऊन येते. फायर एक्स्टिंग्विशरवरची तारीख उलटून गेलीय. बोलले तर म्हणतात ऑडिटच्या आधी बघू. विजेची आग ऑडिटसाठी थांबते काय? त्यावर पाणी ओतायचं नसतं एवढं तरी किती जणांना माहीत आहे इथे?

आणि मुळात हा जार पाहिजेच कशाला? राकसकोप धरणाचं पाणी पिऊन लहानाचे मोठे झालो आपण. 2008 च्या सुमारास काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, सगळ्या शहराला मिळणार म्हणून ऐकत आमचे केस पांढरे झाले. आमच्या ऑफिसच्या नळाला आजही दिवसाआड. म्हणून जार, म्हणून मशीन, म्हणून ही आग.

मला कुणी कायदा शिकवू नये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या 20 व्या कलमात धोकादायक माल परत मागवण्याचा आणि खरेदीदाराला पैसे परत द्यायला लावण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे. 2022 मध्ये ऑनलाइन विकलेल्या बिनआयएसआय प्रेशर कुकरच्या बाबतीत त्यांनी तो वापरलाही. त्या कलमात 27 आणि 29 असा भेद नाही. 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवलीय. बिल, नोटीस, मशीनचे फोटो सगळं जोडलंय, आणि कोल्हापूर-हुबळीचे फोन कोणी कोणी उचलले तेही लिहिलंय.

प्लग मी स्वतः काढलाय. पुठ्ठे मावशींनी आणि मी मिळून हलवले. चहा खालच्या गाड्यावरून येतो, कुणी मेलं नाही त्यावाचून. साहेबांना सांगून ठेवलंय, परत लावायचा असेल तर लेखी ऑर्डर द्या, तुमच्या सहीने. अजून सही आलेली नाही.

निपाणी, चिकोडी, खानापूर, कुठेही कुणाच्या ऑफिसात, दवाखान्यात, शाळेत परत मागवलेलं असं मशीन असेल तर आधी प्लग काढा, जार बसवणाऱ्या माणसाला तुमच्या तोंडाने सांगा, आणि मग मला कळवा. तुम्हालाही एरिया विचारून परत पाठवलं असेल तर ते बिल मला पाहिजे, तक्रारीला जोडणार आहे.