घोडीचा मागचा पत्ता

तीन रात्री झाल्या, मोबाईल घेऊन बसतेय. घोडी नागपुरात आणली खरी, पण तिचा मागचा पत्ता लागेल तर शपथ! रेसचा थरोब्रेड असता तर पुण्याच्या स्टड बुकात, म्हणजे रेसच्या घोड्यांच्या वंशाच्या नोंदवहीत, आई-बाप, जन्मसाल सगळं मिळालं असतं. आमची मारवाडी जातीची, सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून तीन हात फिरून आलेली. प्रत्येक मालकानं नाव बदललेलं, मग शोधायचं तरी कशावरून? मानेत १५ अंकी मायक्रोचिप असती तरी धागा सापडला असता. स्कॅनर फिरवला, काहीच नाही.

शेवटी कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून विक्रीच्या दोन जुन्या जाहिराती ओळखल्या. एकीत 'वय ५'. दोन वर्षांनंतरच्या दुसरीतही 'वय ५'! डॉक्टरांनी दात बघून किमान नऊ सांगितलं. इतकं खोटं बोलायला काही वाटत कसं नाही राजेहो?

वयाचं एक वेळ सोडा. पोटशूळ कधी झाला होता का, धनुर्वाताची लस दिली का, पुढचा पाय कशानं दुखावला, हे मला कोण सांगणार? नुसता हात वर केला तरी ती अंग चोरते. कुणीतरी मारलंय तिला. आणि ते कुठंच लिहिलेलं नाही.