न्यूमोनियाच्या पेशंटचं ट्रोपोनिन

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अचलपूरला पुन्हा लॉकडाऊन लागलं, तेव्हापासून कोरोनाच्या काळात आमच्या तालुक्यात एक प्रश्न रुळला होता : "स्कोअर किती?" सीटी स्कॅनचा स्कोअर, म्हणजे फुफ्फुस किती बाधलं त्याचा आकडा. त्यासाठी लोकांनी गाड्या करून नागपूर गाठलं. तालुक्याच्या लॅबमध्ये काम करणारा माणूस म्हणून सांगतो, न्यूमोनियाच्या पेशंटच्या फुफ्फुसाबरोबर हृदयाचंही विचारा.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. हार्ट अटॅकची तपासणी म्हणून आपल्याला ती माहीत आहे. पण व्हायरल न्यूमोनियातही ऑक्सिजन कमी पडतो, ठोके वाढतात, शरीरात आतून दाह होतो, बारीक गुठळ्या होतात आणि त्याचा मार हृदय खातं. वुहानच्या २०२० च्या एका अभ्यासात कोरोनाच्या ४१६ भरती रुग्णांपैकी ८२ जणांचं ट्रोपोनिन वाढलेलं होतं. त्यांच्यातले ५१.२ टक्के दगावले, बाकीच्यांतले ४.५ टक्के. वाढलेले बहुतेक वयस्क, बीपी-शुगरवाले होते हे खरं, पण नेमके तेच तर आपल्याला वेळेत ओळखायचे आहेत. साध्या फ्लूचंही तसंच. कॅनडात फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण सहापट आढळलं.

मागे सोयाबीनच्या सोंगणीत एक कास्तकार काका आले. शुगर जुनी, ऑक्सिजन ९५, बोलताना वाक्य मधेच तुटत होतं. "सर्दीच तं हाय भाऊ, छातीचं कायले पाह्यता?" ट्रोपोनिनच्या किटमधल्या कार्डवर रक्ताचे थेंब टाकले, पंधरा मिनिटांत दुसरी रेघ उमटली, म्हणजे ट्रोपोनिन वाढलेलं. डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढून १०८ बोलावली. रात्री ऑक्सिजन उतरला तेव्हा काका जिल्ह्याच्या आयसीयूत होते.

याचा अर्थ शिंकणाऱ्या प्रत्येकाचं ट्रोपोनिन काढा असा नाही. किडनी खराब असली तरी ते वाढलेलं राहतं. थोडी वाढ कार्ड पकडत नाही, म्हणून शंका असली तर काही तासांनी परत बघावं लागतं. आणि वाढलं म्हणजे थेट ॲन्जिओग्राफी, हेही चूक. सीपीके-एमबी या हृदयाच्या इजेच्या दुसऱ्या रक्ततपासणीवर मात्र मी फार विसंबणार नाही, दिवसभर राबणाऱ्या मजुराचं ते नुसत्या श्रमानेही वर जातं.

नागपुरात पेशंट बिघडला तर आयसीयू हाकेवर आहे. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुराने रस्ता कितीदा तुटलाय! तिथे हलवायचं की नाही हे एक दिवस आधी ठरवावं लागतं, आणि त्यासाठीच ट्रोपोनिनचा निकाल हाताशी हवा. म्हणून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ट्रोपोनिनची किट आणि चालू ईसीजी मशीन बारा महिने असलीच पाहिजे. रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर कोणी ओळखीचं असेल, तर पावसाळ्याआधीच्या बैठकीत किटचा साठा आणि त्याची एक्सपायरी विचारायला सांगा.