आण्णा, एकदा परत धरा की!

मिरगाचा पाऊस लागला, ओढे गढूळले, की कोल्हापूरच्या पोरांना रात्री घरात बसवत नाही. खेकडे धरायला जायचं असतं. शाहू महाराजांच्या काळी काळविटांवर सुटणारे चित्ते कधीच गेले, बंदुकीची शिकार वन्यजीव कायद्यानं बंद केली. आपल्या वाट्याला राहिली बॅटरी, पोतं आणि खेकडे. तेवढ्यावर समाधान मानणारे मानोत, तुम्ही मोबाईल काढा आणि व्हिडिओ करा. ज्या गावात मूकपटवाल्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला, तिथल्या माणसानं नुसते खेकडे धरून परत येणं बरं दिसत नाही.

कळे ओलांडून गाडी गगनबावड्याकडं लागली की सुरू व्हा. गाडीतल्या गप्पा म्हणजे निम्मी शिकार. एकानं घरात जोतिबाला जातो म्हणून सांगितलेलं असतं, दुसऱ्याला साहेबाच्या लेखी सणसणून ताप असतो. फोन वर करून नुसतं "नमस्कार मंडळी" म्हणा. पहिला टोपी नाकापर्यंत ओढेल, दुसरा खोकायला लागेल. आणि ज्या शिव्यांशिवाय आपल्याकडं कुणी कुणाला प्रेमानं हाक मारत नाही, त्या सगळ्या गिळल्या जातील. "आरं ए..." एवढं तोंडातून निसटेल आणि पुढं, दोन सेकंदांनी, "मित्रा".

ओढ्यावर पोचलात की खेकडे धरण्यात मुरलेल्या आण्णांना कॅमेऱ्यात धरा. आण्णा पाण्यात उतरल्यावर बोलत नाहीत. बॅटरीचा झोत पडला की खेकडा क्षणभर थिजतो. तेवढ्यात मागनं, नांग्या पोचणार नाहीत अशी पाठ दाबून उचलायचा. पोटाखाली बारकी पिल्लं चिकटलेली मादी निघाली तर तशीच पाण्यात सोडायची. हे त्यांनी कुणाला शिकवलं नाही, पोरं बघून बघून शिकली. तुम्ही म्हणा, "आण्णा, लोकांना जरा माहिती सांगा." जन्मभर 'खेकडं' म्हणणारा माणूस घसा खाकरून सुरू करेल, "सदर खेकडा हा निशाचर प्राणी असून..."

पोतं धरणाऱ्यालाही चौकटीत घ्या. तो केसावरनं हात फिरवेल, पोत्याचं तोंड सुटेल आणि आतली मंडळी निवांत ओढ्याकडं चालू लागतील.

पहिला खेकडा धूसर आला? सोडायला लावा. "आण्णा, एकदा परत धरा की!" खेकड्याला काही हे कळत नाही, तो सरळ दगडाखाली जातो. आण्णा दगडाखाली हात घालतात, पण बघतात तुमच्याकडं. नांगी अंगठ्यात रुतते आणि त्या रात्रीची पहिली मोकळी शिवी ऐकू येते. तेवढ्यावर 'टूं' आवाज टाका.

(एक मात्र खरोखरचं सांगतो: अभयारण्याच्या हद्दीत हे करू नका. वनखात्याला घरपोच पुरावा देणारे आपल्यात आधीच पुष्कळ आहेत.)

परत आल्यावर अकरा माणसांत सहा खेकडे. रस्सा वाढला की सगळ्यांना हात आखडून बसवा, आधी वाफ टिपा. वाफ गेली तर पातेलं परत चुलीवर चढवा.

पुढच्या शनिवारी धो धो पाऊस पडला आणि ग्रुपवर कुणी "जायचं का?" विचारलं नाही, तर मंडळींना सर्दी झाली असेल असं समजा. रविवारी सकाळी आण्णांच्या परड्यात नांग्यांचा ढीग दिसला, तर त्याचाही एक व्हिडिओ काढा. प्रकाश तेव्हा चांगला असतो, आणि मधे यायला कुणी नसतं.