इ.स.पूर्व ताज्या बातम्या

प्राचीन इतिहास विद्यार्थ्यांनीच तयार केलेल्या बातमीपत्रांतून शिकवावा, ही कल्पना ज्या शिक्षणतज्ज्ञाला प्रथम सुचली असेल, त्याच्या शेजारच्या वर्गात त्या वेळी कोणी शिकवत नसावे. कागदावर ही योजना अगदी निर्दोष दिसते. वर्गाचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला एक घटना नेमून द्यायची, गटाने आपापसांत निवेदक, वार्ताहर, कॅमेरामन आणि संपादक ठरवायचे, पुस्तकांतून माहिती काढायची आणि ती घटना जणू आज सकाळीच घडली आहे अशा थाटात वर्गापुढे बातमीपत्र सादर करायचे. सनावळ्या पाठ करण्याचा जाच जातो, मुले आपणहून वाचू लागतात आणि शिक्षकाला खुर्चीत बसून पाहण्याखेरीज काही काम उरत नाही, असे सांगितले जाते. यांतले खुर्चीविषयीचे विधान मला अजून पडताळून पाहता आलेले नाही, कारण त्या खुर्चीवर निवेदक बसलेला असतो.

या योजनेला इतिहासाचाच आधार आहे. ज्युलियस सीझर इ.स.पू. 59 मध्ये रोमचा कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, झाला, तेव्हा सिनेटचे आणि लोकांचे दैनंदिन कामकाज लिहून प्रसिद्ध करण्याची प्रथा त्याने सुरू केली, असे रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. हे मी मुलांना मोठ्या उत्साहाने ऐकवले. त्यांनी त्यातून एवढाच बोध घेतला की सीझर हा वाहिनीचा मालक होता आणि म्हणून त्याच्या खुनाची बातमी देताना निवेदिकेने रडले पाहिजे.

ती रडली. मात्र त्याआधी तिने ‘आज, दिनांक 15 मार्च, इ.स.पू. 44’ असे ठणकावून सांगितले, आणि मला बातमीपत्र थांबवावे लागले. आपण अमक्या सनाच्या किती वर्षे आधी जगत आहोत हे जगणाऱ्याला ठाऊक नसते, रोमन लोक वर्ष त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांच्या नावांनी ओळखत, आणि ते कॉन्सल सीझर आणि मार्क अँटनी हेच होते, असे मी समजावले. निवेदिकेने क्षणभर विचार केला आणि नव्या दमाने हुंदका देत सांगितले की, प्रेक्षकहो, चालू वर्षाचा अर्धा भाग आत्ताच जमिनीवर कोसळला आहे. हे वाक्य मला सुचले असते तर मी ते पाठ्यपुस्तकात घालण्याची शिफारस केली असती.

घटनास्थळी, म्हणजे रोममध्ये सेनापती पाँपीने बांधलेल्या नाट्यगृहाला जोडून असलेल्या सभागृहाबाहेर, उभ्या असलेल्या वार्ताहराने कळवले की विश्वसनीय सूत्रांच्या माहितीनुसार सीझरवर 23 वार झाले असून त्यांपैकी छातीवरचा दुसरा वार तेवढाच प्राणघातक ठरला. माहिती अचूक होती. ही सूत्रे कोणती, असे मी विचारले, तेव्हा त्याने मान ताठ करून उत्तर दिले, “सर, पत्रकार आपली सूत्रे उघड करीत नाहीत.” इतिहासकाराला ती उघड करावीच लागतात, हे मी सांगितले. मृतदेह तपासणारा वैद्य अँटिस्टियस, त्याचे मत आपल्यापर्यंत पोहोचवणारा पुन्हा स्वेटोनियस, आणि त्याचे लेखन खुनानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी झालेले. यावर गटाच्या संपादकाने विचारले, “म्हणजे तो तिथे नव्हता? मग त्याला बाइट कोणी दिला?” धडा वाचून दाखवत होतो त्या काळात हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता, आणि केवळ या एका प्रश्नासाठी या योजनेतले पुढचे सगळे हाल सोसायला मी तयार झालो.

हाल लगेच सुरू झाले. बातमीनंतर प्रजासत्ताक वाचवण्यासाठी खून केला म्हणणारे ब्रूटस आणि कॅशियस, सीझरचा साथीदार अँटनी आणि वक्ता सिसेरो यांची चर्चा ठेवलेली होती. चौघे एकाच वेळी बोलत होते, निवेदिका चौघांवर ओरडत होती, आणि शेजारच्या वर्गातून निरोप आला की प्रजासत्ताक थोड्या हळू आवाजात वाचवता येईल का.

मॅरेथॉनच्या गटात अडचण निराळी होती. इ.स.पू. 490 मध्ये अथेन्सने इराणी सैन्याविरुद्ध जिंकलेल्या त्या लढाईनंतर धावत अथेन्सला यायचे, ‘आपण जिंकलो’ एवढे म्हणायचे आणि प्राण सोडायचा, या एकाच कामासाठी एका मुलाने संपूर्ण गट निवडला होता आणि कोसळण्याचा सराव करून गुडघे सोलून घेतले होते. ग्रीक इतिहासकार हीरोडोटसच्या लेखनात हा धावपटू लढाईच्या आधी मदत मागण्यासाठी स्पार्टाला धावतो, सुमारे 240 किलोमीटरचे अंतर कापून दुसऱ्या दिवशी पोहोचतो, आणि पौर्णिमेपर्यंत आमचे सैन्य निघू शकत नाही असे स्पार्टाचे लोक त्याला सांगतात. विजयाची वार्ता देऊन मरणारा धावपटू कित्येक शतकांनंतरच्या लेखकांकडे भेटतो. हे ऐकल्यावर त्या मुलाचा चेहरा असा उतरला की मला खरे बोलल्याचा पश्चात्ताप व्हावा. “मग सर, मी पडायचे कुठे?” अखेर गटाने आपसांत तोडगा काढला. धावपटू स्पार्टाला गेला, तिथल्या प्रवक्त्याने पौर्णिमेचे अधिकृत निवेदन अत्यंत थंडपणे वाचून दाखवले, आणि बातमीपत्राच्या शेवटी ‘अपुष्ट वृत्त’ अशी पाटी धरून धावपटू मनसोक्त कोसळला. माझ्या मते एवढी प्रामाणिक पाटी अनेक जाड ग्रंथांतही लावलेली नसते.

संपाच्या गटाविषयी थोडक्यात सांगतो. इजिप्तचा राजा रामेसेस तिसरा याच्या राज्याच्या 29 व्या वर्षी, धान्य वेळेवर मिळेना म्हणून राजांची थडगी खोदणारे कारागीर काम टाकून बसले होते. गटाने हा संप इतक्या मनापासून केला की घंटा झाल्यावरही कोणी जमिनीवरून उठेना.

मात्र जिथे घटनाच नसते तिथे बातमीपत्राचे काही चालत नाही, हे मोहेंजोदडोच्या गटाने सिद्ध केले. वार्ताहर सुमारे 12 मीटर लांब आणि 7 मीटर रुंद अशा स्नानकुंडाच्या काठी उभी राहिली, पाणी झिरपू नये म्हणून विटांमागे डांबराचा थर दिल्याचे तिने उत्तम सांगितले, आणि मग एका नागरिकापुढे माइक धरला. मनाने काही रचायचे नाही ही माझी अट होती आणि तिथली लिपी अद्याप वाचता आलेली नाही. त्यामुळे नागरिकाने काय बोलावे हा प्रश्नच होता. दुर्दैवाने ही भूमिका वर्गातल्या सर्वांत बडबड्या मुलाकडे आली होती. राजा कोण, देव कोणता, शहराला तुम्ही काय म्हणता, अशा प्रत्येक प्रश्नावर तो तोंड गच्च मिटून, लालबुंद होऊन उभा राहिला. पुढे इ.स.पू. 1900 च्या सुमारापासून ही शहरे ओस पडत गेल्याची बातमी आली. निवेदकाने ‘ब्रेकिंग न्यूज’ अशी आरोळी ठोकली, वार्ताहराने परिस्थिती हळूहळू बिघडत असल्याचे सांगितले, आणि कधीपासून असे विचारल्यावर तिने निरागसपणे उत्तर दिले, “शंभरएक वर्षांपासून. अजून शंभर वर्षे अशीच राहील असे दिसते.” नद्या पात्र बदलतात, पाऊस कमी होतो, व्यापार आटतो, हे सारे इतक्या संथपणे चालते की वाहिनीने तोवर दुसरा विषय घेतलेला असतो.

कादेशची लढाई मी मुद्दाम दोन गटांना दिली. इ.स.पू. 1274 च्या सुमारास इजिप्तचा रामेसेस दुसरा आणि आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती राज्याचा राजा मुवातल्ली यांच्यात ती झाली. इजिप्तच्या वाहिनीने राजाने एकट्याने शत्रूचे रथ उधळून लावल्याचे जाहीर केले. मंदिरांच्या भिंतींवर खुद्द राजानेच हे कोरून ठेवले असल्याने मला हरकत घेता येईना. हित्ती वाहिनीने शांतपणे विचारले, मग कादेश आमच्याच ताब्यात कसे राहिले? शिवाय दोन भटक्यांनी हित्ती सैन्य दूर अलेप्पोजवळ असल्याची थाप मारून रामेसेसला कसे गंडवले, हेही तिने चवीने दाखवले. ही गोष्ट इजिप्तच्या वाहिनीने गाळली होती. ती तर राजाच्या स्वतःच्याच शिलालेखात आहे, असे मी म्हणालो, तेव्हा त्यांचा संपादक म्हणाला, “सर, राजाने सांगितले म्हणून आम्ही सांगितलेच पाहिजे असे नाही.”

दोन्ही गटांनी पहिल्या क्रमांकाचा दावा केला. प्रत्यक्षात त्या दोन राज्यांनी लढाईनंतर सुमारे पंधरा वर्षांनी तह केला, त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रती आज उपलब्ध आहेत, आणि इजिप्तच्या प्रतीत हित्ती दूत शांतता मागायला आल्याचे लिहिले आहे. माझ्यापाशी पंधरा वर्षे नव्हती. दोघांना सारखे गुण द्यायचे असे कागदावर लिहून मी दोन्ही संपादकांच्या सह्या घेतल्या. मधली सुट्टी संपेपर्यंत इजिप्तचा गट सगळ्यांना सांगत होता की हित्ती गट गयावया करत आला; हित्ती गट नेमके उलट सांगत होता; आणि विश्वसनीय सूत्र म्हणून दोघेही माझे नाव घेत होते.