स्लॅबवरचं पाणी गटारात आणि मग टँकरवाल्याला फोन

गेल्या एप्रिलात गावी गेलो होतो (गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, नाव सांगत नाही, नाना फेसबुकवर आहेत). पोचल्या पोचल्या नानांनी हातात मोबाईल दिला, म्हणाले टँकरवाल्याला तुझ्या फोनवरनं लाव, माझा नंबर बघून उचलत नाही तो. त्या उन्हाळ्यातला तो सहावा टँकर. ट्रॅक्टरचा, पाच हजार लिटरवाला.

रात्री पत्र्याच्या कॉटवर पडल्या पडल्या उगाच डोक्यात हिशोब सुरू झाला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, एवढं शाळेतलं अजून लक्षात आहे. आमचा स्लॅब हजार स्क्वेअर फूट, म्हणजे नव्वद-त्र्याण्णव चौरस मीटर. आमच्याकडं वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पडतो, तेही नशीब असलं तर. तरी गुणाकार केला की चाळीस हजार लिटर येतंय. थोडं वाफ होऊन, थोडं इकडंतिकडं जाईल, तीस धरा. म्हणजे सहा टँकर! नाना जेवढे विकत घेतात तेवढेच आमच्या डोक्यावर फुकट पडतात आणि आम्ही चार इंची पाईप लावून ते नीट गटारात सोडतो. पाईपचे पैसे पण आम्हीच दिलेत.

शाळेत जलचक्राचं चित्र असायचं बघा, समुद्र, वर जाणारे बाण, ढग, डोंगर, नदी, परत समुद्र. चित्र बरोबर आहे, फक्त आमच्या जिल्ह्यात तो ढग फार पक्षपाती आहे. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर ओततो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर आमच्या दहिवडीकडं येईपर्यंत रिकामा. घाट चढताना ढग थंड होतो, सगळं तिथंच सांडतं, पलीकडं उतरणारी हवा कोरडी. पर्जन्यछाया म्हणतात त्याला, पाच मार्काला यायचं. आम्ही त्या छायेतच राहायचो पण उत्तर पाठ करून लिहायचो.

आणि त्या चित्रात जमिनीत जाणारा बाण एकदम बारीक काढलेला असायचा, खरं तर आमचं सगळं त्याच्यावरच चाललंय. खाली काळा कातळ. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या फटीत, बाकी दगड तो दगडच. म्हणून जुनी विहीर चाळीस-पन्नास फुटांची, ती पावसाळ्यात भरायची न उन्हाळ्यात तळाला जायची. मग बोर आले, दोनशे, चारशे, सहाशे फूट. खाली नवीन पाणी कुणी ठेवलेलं नाहीये, जुनंच आहे, नि वरनं मुरायला आपण जागा ठेवली नाही. आमच्याच परड्यातली विहीर नळ आल्यावर हळूहळू उकिरडा झाली, फुटक्या कुंड्या, फाटक्या चपला, गणपतीचं थर्माकोलचं मखर. आणि आम्हीच सगळे एकदा गाडी करून साताऱ्याजवळच्या लिंब गावात बारा मोटेची विहीर बघायला गेलो, साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या काळातली, तीनशे वर्षांची, काय ते बांधकाम, वरनं एकावेळी बारा मोटा चालायच्या. फोटो काढले. घरी येताना खाल्लेल्या वडापावचा कागद कुठं टाकला विचारू नका.

आता साताऱ्यातली एक गोष्ट, राग येईल काहींना. सकाळी नळ आला की कालचं पाणी 'शिळं' म्हणून मोरीत ओतायचं आणि हंडे परत भरायचे. आमच्या बिल्डिंगमधे निम्म्या घरात चालतं हे, आमच्याही घरात चालायचं. अहो, नळाला येणारं ते कास तलावातलं पाणी गेल्या जुलै-ऑगस्टमधे पडलेलं आहे! आठ महिने ते तिकडं डोंगरावर तळ्यात बसलंय तेव्हा शिळं होत नाही, तुमच्या घासलेल्या हंड्यात एका रात्रीत कसं होईल? झाकून ठेवा, ओगराळ्यानं काढा, झालं.

आमच्या आज्जीला हे सांगावं लागलं नसतं. तिनं आडावरनं दोन घागरी डोक्यावर आणि कळशी कमरेला असं पाणी आणलेलं, त्यामुळं तिला पाण्याचं वजन माहीत होतं. भाजी धुतलेलं म्हशीला, न्हाणीतलं अळूला आणि केळीला. पाहुण्याला पण आधी अर्धाच तांब्या, लागलं तर परत. आम्ही तिला चिकट म्हणायचो. जे पाणी उचलून आणावं लागत नाही ते मोजलं जात नाही, आणि इथं सोसायटीची टाकी रोज पहाटे वीस-वीस मिनिटं ओव्हरफ्लो होते तर कुणाची झोप मोडत नाही. टाकी भरली की पाणी बंद करणारा साधा बॉल कॉक खराब होता असंही नाही, तो नव्हताच!

सांगलीकरांनी तर दोन्ही टोकं बघितलीत. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी गेलं आणि २०१९ च्या ऑगस्टमधे तीच कृष्णा लोकांच्या पहिल्या मजल्यावर. आणि त्याच सांगली जिल्ह्यात जतला त्या वर्षीपण टँकर चालू होते.

असो. तर मे महिन्यात आम्ही विहीर उपसली. चार ट्रॉल्या कचरा निघाला, लहानपणी हरवलेला माझा पितळी गडूपण निघाला, त्यावरनं तेव्हा मार खाल्लेला. स्लॅबचा पाईप वळवून आधी वाळू, खडी आणि कोळशाच्या पिंपात, तिथनं विहिरीत. पहिल्या दोन पावसांचं पाणी आत सोडायचं नाही, स्लॅबवरची घाण धुऊन जाऊ द्यायची, त्याला वेगळी चावी ठेवली. सगळं मिळून दोन-तीन टँकरच्या पैशात झालं.

उपयोग झाला का? खरं सांगू, कळत नाही. यंदा पाऊसच बरा झाला, सगळ्यांच्याच विहिरी चढल्या. आणि शेजारच्या भाऊंचा डाळिंबाचा बोर आमच्या विहिरीपासनं साठ फुटांवर, रात्री लाईट आली की तो सुरू होतो न सकाळी आमचं पाणी हातभर खाली. मी वैतागून नानांना म्हणलं, आपण मुरवायचं आणि त्यांनी उपसायचं होय? नाना तंबाखू मळत म्हणले, "आरं ओढू दे की. उन्हाळ्यात आपली म्हस त्यांच्याच हौदावर जाती पाणी प्यायला."