मुलींच्या उड्या बंद करणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘मातांनो, सावध व्हा’ अशी सुरुवात असलेला एक फॉरवर्ड आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर आत्तापर्यंत तीनदा आला. नौपाड्यात माझ्या माहेरच्या ग्रुपवरही तोच फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: वयात येणाऱ्या मुलींनी दोरीच्या किंवा इलॅस्टिकच्या उड्या मारल्या तर गर्भाशय खाली सरकतं, उंची खुंटते, गुडघे कायमचे जातात. शिवाय हा खेळ चिनी, आणि मुलींनी उड्या मारणं आपल्या संस्कृतीत बसत नाही. या मेसेजमुळे आमच्या विंगमधल्या दोन मुलींचं खेळणं बंद झालं. त्यातली एक माझी अकरा वर्षांची भाची. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

खेळ साधा आहे. शिलाईसामानाच्या दुकानातून चार-पाच मीटर इलॅस्टिक आणायचं आणि टोकांची गाठ मारायची. दोघी समोरासमोर पाय फाकवून उभ्या राहतात, इलॅस्टिक त्यांच्या घोट्यांभोवती. तिसरी ठरल्या क्रमाने उड्या मारते: आत, बाहेर, इलॅस्टिकवर, मग क्रॉस. चुकली की आउट. पूर्ण जमलं की इलॅस्टिक पोटरीवर चढतं, मग गुडघ्यावर, मांडीवर, कमरेवर. धाकटी बहीण कच्चा लिंबू असते, तिच्यासाठी ते घोट्यावरच ठेवतात. माझी भाची स्टिल्ट पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधे खेळून वर यायची तेव्हा तिच्या पोटरीवर इलॅस्टिकचा बारीक लाल वळ असायचा, आणि ‘मावशी, आज गुडघ्यापर्यंत गेले’ हे ती चपला काढायच्या आधी सांगायची.

आता गर्भाशयाचं. गर्भाशय पोटात लोंबकळत नसतं. चिवट बंधांनी ते बांधलेलं असतं आणि खालून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू त्याला पेलून धरतात. अंग बाहेर येण्याचा, म्हणजे गर्भाशय खाली सरकण्याचा त्रास खरा आहे, पण तो मुख्यतः बाळंतपणांनंतर, पाळी गेल्यावर, वाढत्या वयात होतो. जुना खोकला, सततचा बद्धकोष्ठ, वर्षानुवर्षं उचललेली जड ओझी यांनी तो वाढतो. निरोगी मुलीचं गर्भाशय उड्यांनी सरकत नाही. ही भीती फक्त आपलीच नाही. स्की जंपिंगमधून, म्हणजे बर्फाच्या उतारावरून घसरत येऊन लांब उडी घेण्याच्या खेळातून, बायकांना कितीतरी दशकं बाहेर ठेवलं गेलं, त्यामागे हेच कारण पुढे केलं जायचं. २००५ मध्येसुद्धा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या अध्यक्षांनी हा खेळ वैद्यकीय दृष्टीने बायकांना योग्य वाटत नाही असं जाहीरपणे म्हटलं होतं. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये बायका त्यात उतरल्याच. महिलांची तिहेरी उडी ऑलिंपिकमध्ये यायला १९९६ साल उजाडलं. आणि २००३ मध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत आपली अंजू बॉबी जॉर्ज ६.७० मीटर लांब उडी मारून कांस्यपदक घेऊन आली.

पाळीच्या दिवसांतही हेच. पोट दुखत असेल तर बसावं, खेळावंसं वाटत असेल तर खेळावं.

उंचीची गल्लत कुठून झाली असावी ते मला कळतं. पाळी सुरू झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांत मुलींची उंची वाढायची थांबते, आणि नेमकं तेच वय इलॅस्टिक खेळण्याचं. दोन्ही एकाच वेळी दिसतं म्हणून एकामुळे दुसरं होतं असं नाही. उंची आईवडिलांकडून येते, आणि ताटात काय पडतं त्यावर ठरते.

उलट उड्या थांबवल्याने काय जातं ते कुणी सांगत नाही. उडी मारून जमिनीवर आदळताना हाडावर जो भार येतो, त्याला उत्तर म्हणून हाड भक्कम होतं. प्रौढ वयातल्या हाडांच्या खनिजाचा साधारण पाव हिस्सा वयात येतानाच्या दोन वर्षांत जमा होतो. पुढे पन्नाशीत पाळी गेल्यावर बाई याच साठ्यावर जगते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनत सांगते, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडं बळकट करणारा व्यायाम. उड्या त्यातच येतात.

गुडघ्यांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. झपाट्याने वाढणाऱ्या मुलांना फार उड्यांमुळे गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखतं, कधी टेंगूळही येतं. उड्या कमी केल्या की बहुतेकांचं बरं होतं. लंगडत असेल किंवा सूज आली असेल तर डॉक्टरांना दाखवावं. पेव्हर ब्लॉकवर अनवाणी खेळू देऊ नये, बूट घालावेत. पाय अडकून मनगटावर पडण्याची भीती मला गुडघ्यापेक्षा जास्त वाटते.

चिनी खेळ? चीनमध्ये खेळतातच. पण जर्मनीत, कोरियात, रशियातही खेळतात. अमेरिकेत याला ‘चिनी दोरी’ म्हणतात आणि इंग्लंडमध्ये ‘फ्रेंच’ उड्या. दोघांनीही तो परक्याच्या नावावर लावला आहे.

आणि संस्कृती. श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर जागवताना बायका काय करतात? फुगडी, झिम्मा, पिंगा. कोंबडा करताना उकिडवं बसून उड्या मारत पुढे जायचं असतं. बैठ्या फुगडीत गुडघे पूर्ण मिटलेले, आणि त्याच अवस्थेत पाय आलटून पालटून पुढे टाकत उड्या घ्यायच्या. माझी आई नौपाड्याच्या घरात दिवाणखान्यातलं सामान भिंतीला लावून, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून ही फुगडी घालायची. फरशीवर तिच्या टाचांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जायचा. मंगळागौर लग्नानंतर पाच वर्षं पुजतात. म्हणजे जिच्या गर्भाशयाची सगळ्या घराला काळजी, त्या नव्या नवरीलाच आपण रात्रभर नाचवत, उड्या मारायला लावत आलो.

हे मी ताईला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, आईची ती फुगडी मला आठवते गं. रविवारी संध्याकाळी भाची बूट घालून खाली उतरली. महिनाभर खेळली नव्हती, पोटरीवरच आउट झाली.